जामीनकीची सही आणि मैत्रीची पारख



मागच्या पौर्णिमेला विहारातली वंदना आटोपली आणि उपासक-उपासिका चहाला थांबले. एक ताई मात्र कोपऱ्यात भिंतीला टेकून तशाच बसून राहिल्या. चार घरची धुणीभांडी करून संसार ओढणारी ही बाई एरवी किटली हातात घेऊन सगळ्यांना चहा देत फिरते. आम्ही विचारले, तेव्हा आधी काही बोलल्या नाहीत. मग हळूहळू सगळे कळले. बारा बायकांची भिशी होती, महिना दोन हजारांची. जिच्याकडे वही होती ती ताईंची लहानपणापासूनची मैत्रीण. सहा महिने पैसे गोळा झाले आणि एके दिवशी ती खोलीला कुलूप लावून निघून गेली. ताईंचे स्वतःचे बारा हजार तर गेलेच; पण ज्या चार बायका ताईंच्या शब्दावर भिशीत आल्या होत्या, त्या आता ताईंच्याच दारात येऊन उभ्या राहतात.

ताई म्हणाल्या, "पैशाचं जाऊ द्या भाऊ. मी आणखी दोन घरं धरीन. पण आता मी कुणालाच आपलं म्हणणार नाही. सख्ख्या बहिणीलासुद्धा नाही."

हे शेवटचे वाक्य ऐकून आम्ही चमकलो. कारण हेच वाक्य आम्ही २०१९ साली आमच्या स्वतःच्या घरात उच्चारले होते. त्या दिवशी ताईंना आम्ही जे सांगू शकलो नाही, ते या सदरात सांगायचे ठरवले आहे. गोष्ट आमच्या घरची आहे आणि तीत आमचाही मूर्खपणा आहे. तो लपवून उपदेश करण्यात अर्थ नाही.

आमचा एक मित्र होता. ओळख २००३ च्या जयंतीतली. मंडप-डेकोरेशनचा त्याचा छोटा धंदा. बोलण्यात एकदम मोकळा. हाक मारली की रात्री बारालाही हजर. ५ डिसेंबरच्या रात्री कल्याणहून लोकल पकडून आम्ही दोघे दादरला उतरायचो आणि चैत्यभूमीच्या रांगेतल्या लोकांना पाणी द्यायचो. पहाटे एकाच पेपरावर दोघे आडवे व्हायचो. आमच्या वडिलांच्या अंत्यविधीला तिरडीचे बांबू त्यानेच आणले होते. अशा माणसाबद्दल मनात शंका कशी यावी?

२०१७ च्या फेब्रुवारीत तो घरी आला. जुना टेम्पो घ्यायचा होता. एका पतसंस्थेतून दोन लाखांचे कर्ज मंजूर होत होते, फक्त पगारदार जामीनदार हवा होता. म्हणाला, "नुसती सही रे. हप्ते मीच भरणार. तुझ्या खिशाला एक पैशाचा धक्का लागला तर जय भीम म्हणायची लाज वाटेल मला."

आम्ही बी. कॉम. झालेलो. बावीस वर्षे कारकुनी करतो. जामीनकी म्हणजे काय, हे आम्हाला कुणी शिकवायला नको होते. तरीही आम्ही पगारपत्रक जोडले, पगारातून वसुली करण्याचे संमतिपत्र दिले आणि तीन ठिकाणी सह्या केल्या. घरात सहचारिणीला विचारलेदेखील नाही. संध्याकाळी नुसते सांगितले.

दुसरा जामीनदार म्हणून त्याने आमच्या वसाहतीतल्या आप्पांना विचारले होते. आप्पा नगरपालिकेतून निवृत्त झालेले फिटर, बोलायला कमी. त्यांनी तोंडावर नकार दिला. शिवाय मुद्दाम आमच्या घरी येऊन सांगितले, "मी सही करत नाही, तूही करू नकोस. त्याला नड असंल तर जमतील तेवढे हातउसने दे आणि गेले तर गेले असं समज. पण कागदावर नाव घालू नकोस." आम्हाला त्यांचा राग आला. माणूस कंजूष आहे, समाजाचा माणूस वर आलेला यांना बघवत नाही, असे आम्ही चारचौघांत बोललो. मित्रही हसून म्हणाला, "आप्पांना विहाराच्या दानपेटीत दहाची नोट टाकतानासुद्धा घाम फुटतो." आम्ही त्या हसण्यात सामील झालो. शेवटी दुसरी सही त्याच्या साडूने केली. तो रिक्षा चालवायचा, पगारपत्रक नव्हते.

नऊ हप्ते व्यवस्थित गेले. दहावा चुकला. मग नोटीस आली. आम्ही फोन केला, तर म्हणाला, "अरे, लग्नसराईचा पैसा अडकलाय, पुढच्या महिन्यात सगळं क्लिअर करतो. तू लक्ष घालू नकोस." सुनावणीची तारीख आली, तेव्हाही म्हणाला, "मी बघतो, तू कशाला रजा खर्च करतोस?" आणि आम्ही गेलो नाही. तोही गेला नाही. सहकार कायद्याच्या कलम १०१ खालचा वसुली दाखला निघाला. टेम्पो त्याने आधीच कुणाला तरी देऊन टाकला होता. फोन लागेनासा झाला, खोली रिकामी झाली. २०१९ च्या जूनपासून आमच्या पगारातून महिना साडेचार हजार कापले जाऊ लागले. एकूण अडतीस महिने. म्हणजे एक लाख एकाहत्तर हजार रुपये.

थोरली त्या वर्षी अकरावीला होती. तिचा क्लास लावायचा राहून गेला. सहचारिणी ब्लाऊज शिवते. तिने रात्रीचे काम वाढवले. ती आम्हाला एकच वाक्य बोलली, "सही तुमची होती, पगार दोघांचा गेला." याला आमच्याकडे उत्तर नव्हते. आजही नाही.

पण पैशाचे नुकसान मोजता येते. दुसरे एक नुकसान झाले, ते आमच्या बरेच उशिरा लक्षात आले.

आम्ही विहारात जाणे सोडले. कुणी जय भीम केला की मनात यायचे, याला काय हवे असेल? जयंती कमिटीचा हिशेब लिहायचे काम आमच्याकडे होते, ते सोडून दिले. याच काळात वसाहतीतला एक मुलगा आला. त्याला शासकीय वसतिगृहाच्या प्रवेशासाठी समाजकल्याणच्या ऑफिसात सोबत हवी होती. बाप नाही, आई निरक्षर. अशा मुलांचे फॉर्म भरून देणे हे आमचे वर्षानुवर्षांचे काम. त्याला ना जामीन हवा होता, ना पैसे. आम्ही दारातूनच म्हणालो, "आम्ही आता कुणाच्या भानगडीत पडत नाही." तो "बरं सर" म्हणाला आणि खाली मान घालून जिना उतरला. त्याचे काम पुढे दुसऱ्या कुणी तरी केले. पण ती खाली घातलेली मान आम्हाला अजून दिसते. फसवले एकाने आणि शिक्षा भोगली दुसऱ्याने. मित्राने आमचा विश्वास बुडवला, तसा आम्ही त्या पोराचा बुडवला.

बंधू-भगिनींनो, दगाबाज मित्राकडून होणारे खरे नुकसान हेच आहे. तो पैसे नेतो ते नेतोच. जाताना आपले दारही बंद करून जातो.

हे दार उघडायला आम्हाला धम्माचा आधार मिळाला. पुढच्या वर्षावासात सहचारिणीने जवळजवळ ओढूनच आम्हाला विहारात नेले. तिथे भन्तेजींनी संयुत्त निकायातली एक कथा सांगितली. ती वाचकांतील अनेकांना माहीत असेल, पण आम्ही ती त्या दिवशी पहिल्यांदा कान देऊन ऐकली.

भगवान बुद्ध श्रावस्तीला पूर्वाराम विहारात होते. संध्याकाळी कोसलचा राजा प्रसेनजित भेटायला आला. इतक्यात समोरून निरनिराळ्या पंथांच्या वेशातले संन्यासी गेले. नखे वाढलेली, केस वाढलेले, खांद्यावर कावड. राजा उठला, उत्तरीय एका खांद्यावर घेतले, उजवा गुडघा जमिनीला टेकला आणि हात जोडून तीनदा आपले नाव सांगून त्यांना वंदन केले. मग बुद्धांना म्हणाला, जगात जे अर्हत आहेत त्यांतलेच हे असावेत.

बुद्धांनी उत्तर दिले की, महाराज, संसारात गुंतलेल्या गृहस्थाला हे ओळखणे कठीण आहे. माणसाचे शील कळते ते सोबत राहिल्यावर. त्याचा प्रामाणिकपणा कळतो तो व्यवहारात. त्याचे धैर्य कळते ते संकटात. त्याची प्रज्ञा कळते ती चर्चेत. आणि हे सगळे थोड्या दिवसांत कळत नाही, दीर्घ काळाने कळते. तेही लक्ष देणाऱ्याला कळते, दुर्लक्ष करणाऱ्याला नाही.

तेव्हा राजाने कबूल केले, भगवान, ते माझेच गुप्तहेर होते! देशात फिरून बातमी काढतात. आता घरी जाऊन अंगाची धूळ धुतील, उटणी लावतील, पांढरी वस्त्रे नेसतील आणि मजेत राहतील.

कथा संपली आणि आमच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आम्ही मित्राला चौदा वर्षे ओळखत होतो, असे आम्ही म्हणायचो. पण ओळखत होतो म्हणजे काय? त्याची भाषणे ऐकली होती. घोषणा ऐकल्या होत्या. रात्र-रात्र गप्पा मारल्या होत्या. चार कसोट्यांपैकी व्यवहाराची कसोटी आम्ही कधी लावलीच नव्हती. आणि लावायला लांब जायची गरजही नव्हती. मंडप बांधणारी पोरे रविवारी सकाळी मजुरीसाठी त्याच्या दारात ताटकळत बसलेली आम्ही स्वतःच्या डोळ्यांनी कितीदा तरी पाहिली होती. एक पोरगा एकदा आम्हालाच म्हणाला होता, "सर, तुम्ही सांगा ना त्यांना, तीन आठवडे झाले." आम्ही ते हसण्यावारी नेले होते. जो माणूस हाताखालच्या मजुराचे तीनशे रुपये वेळेवर देत नाही, तो पतसंस्थेचे दोन लाख वेळेवर देईल, असे आम्ही कोणत्या हिशेबाने धरले? काळ दीर्घ होता, पण आमचे लक्ष नव्हते.

सिगाल नावाच्या गृहपतिपुत्राला बुद्धांनी केलेला उपदेश तर गृहस्थांसाठीच आहे. सिगाल सहा दिशांना नमस्कार करत होता. बुद्धांनी त्याला सांगितले की उत्तर दिशा म्हणजे आपले मित्र आणि सोबती. त्याच उपदेशात मित्राच्या वेशातले चार अमित्र सांगितले आहेत. एक, नुसते घेणारा. दोन, नुसते बोलणारा. तीन, गोड गोड बोलून हो ला हो करणारा. चार, दारू, जुगार आणि उनाडपणात साथ देणारा. यांतल्या बोलघेवड्याची खूण अशी की तो मागच्या आणि पुढच्या गोष्टींचा मोठा आव आणतो, पण आपल्याला प्रत्यक्ष गरज पडली की नेमकी त्याचीच अडचण निघते. आणि गोडबोल्याची खूण अशी की तो तोंडावर स्तुती करतो आणि पाठीमागे निंदा. आप्पांची निंदा तो आमच्यासमोर करायचा, तेव्हा आमची निंदा कुणासमोर होत असेल, हा साधा प्रश्न आम्हाला पडला नव्हता.

खऱ्या मित्रांचेही चार प्रकार तिथेच सांगितले आहेत. उपकार करणारा, सुखदुःखात सारखा राहणारा, हिताची गोष्ट सांगणारा आणि कळवळा असणारा. हिताची गोष्ट सांगणाऱ्याचे पहिले लक्षण म्हणजे तो वाईटापासून आपल्याला अडवतो.

हे ऐकताना आम्ही मान वर करून पाहिले. आप्पा नेहमीप्रमाणे खांबाजवळ बसले होते. आम्हाला अडवायला जो एकमेव माणूस घरी आला होता, त्यालाच आम्ही कंजूष ठरवले होते. त्या रात्री आम्ही त्यांच्याकडे गेलो. "मी सांगितलं होतं" हे शब्द त्यांनी उच्चारले नाहीत. चष्मा लावून सगळे कागद वाचले आणि म्हणाले, "उद्या सुट्टी टाक. माझ्या ओळखीचा एक वकील आहे, पैसे कमी घेतो." मग कळले की आमच्या थोरलीला बारावीची पुस्तके मिळाली होती, ती आप्पांनीच नातीची म्हणून सहचारिणीच्या हाती दिली होती.

इथे आणखी एक गोष्ट बोलली पाहिजे, कारण ती आपल्या समाजात वारंवार कानावर येते. फसवणूक आपल्याच माणसाकडून झाली की लोक म्हणतात, "आपलीच माणसं आपल्याला बुडवतात, आपल्यांशी व्यवहारच नको." आणि परक्याकडून झाली की म्हणतात, "ते कधी आपले होणारच नाहीत." दोन्ही बोलणी चुकीची आहेत आणि याचा पुरावा बाबासाहेबांच्या आयुष्यातच आहे.

१९१७ साली बाबासाहेब परदेशातून शिकून बडोदा संस्थानात नोकरीला गेले. राहायला जागा मिळेना, म्हणून पारशी नाव सांगून एका पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेले डझनभर पारशी तिथे चालून आले आणि त्यांनी त्यांना संध्याकाळपर्यंत जागा खाली करायला लावली. बाबासाहेब दोन मित्रांकडे गेले. एक हिंदू होता. त्याला वाईट वाटले, पण तुम्ही घरी आलात तर माझे नोकर सोडून जातील, असे त्याने सांगितले. दुसरा ख्रिश्चन होता. पूर्वी त्यानेच आपल्याकडे राहायला बोलावले होते. आता मात्र पत्नी उद्या यायची आहे, तिला विचारावे लागेल, असे तो म्हणाला. एवढा शिकलेला माणूस कामाठी बागेत बसून राहिला आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतला. हे सगळे त्यांनी स्वतःच 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये लिहून ठेवले आहे.

यानंतर बाबासाहेबांनी पारशी माणसाचे नाव टाकले असते, तर त्यांना कुणी दोष दिला असता का? पण त्यांचा एक पारशी मित्र होता, नवल भथेना. न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकताना जमलेली ही मैत्री. १९२० साली बाबासाहेब अपुरे राहिलेले शिक्षण पुरे करायला पुन्हा लंडनला निघाले, तेव्हा स्वतःची बचत आणि शाहू महाराजांची मदत यांच्या जोडीला पाच हजार रुपये या भथेनांनीच उसने दिले होते. त्या काळातले पाच हजार! काठ्या घेऊन आलेलेही पारशी आणि पाच हजार देणाराही पारशी. बाबासाहेबांनी माणूस पाहिला, जमात नाही. आणि दुसऱ्या बाजूने, जय भीम म्हणतो एवढ्यावरून कुणी भथेना होत नाही. जय भीम हा आपला अभिमान आहे. ते कर्जाचे तारण नव्हे.

आता थोडे व्यवहाराचे. आमच्या अनुभवातून आणि कारकुनीतून जे कळले ते वाचकांच्या उपयोगी पडावे, म्हणून लिहितो.

पहिली गोष्ट, जामीनकी ही "नुसती सही" कधीच नसते. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. आधी त्याच्याकडून वसूल करा आणि मग माझ्याकडे या, असे सहसा म्हणता येत नाही. म्हणून सही करताना मनाशी धरायचे की हे कर्ज आपणच काढत आहोत. आपल्याला तेवढे फेडणे झेपत नसेल, तर सही करायची नाही. आणि नवराबायको दोघांच्या संमतीशिवाय तर मुळीच नाही.

दुसरी गोष्ट, नोटीस किंवा सुनावणीची तारीख आली, तर स्वतः जायचे. "मी बघतो" म्हणणाऱ्यावर सोडायचे नाही. आपले म्हणणे लेखी द्यायचे आणि त्याची पोच घ्यायची.

तिसरी गोष्ट, जामीनदाराने भरलेला पैसा मूळ कर्जदाराकडून वसूल करण्याचा हक्क कायद्याने दिलेला आहे. पण त्याला मुदत आहे, पैसे भरल्यापासून तीन वर्षे. प्रत्येक पावती जपून ठेवायची. मुदतीच्या आत त्याच्याकडून सहीनिशी लेखी कबुली घेतली, तर मुदत तिथून नव्याने मोजली जाते.

चौथी गोष्ट, हातउसने द्यायचे तर बुडाले तरी चूल पेटेल एवढेच द्यायचे, आणि शक्यतो बँकेमार्फत किंवा मोबाईलवरून, म्हणजे नोंद राहते. चेक घेतला आणि तो वटला नाही, तर बँकेकडून तसे कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. "देतो, देतो" ऐकत हे दिवस घालवायचे नाहीत.

पाचवी गोष्ट भिशीची. वही एकीकडे आणि पैसे दुसरीकडे असावेत. दर महिन्याला सगळ्यांसमोर वही वाचावी आणि सगळ्यांनी सही किंवा अंगठा करावा. यात कुणावर अविश्वास नाही. उलट, खरा माणूस स्वतःच म्हणतो, "वही बघा." हिशेब मागितल्यावर जो रागावतो, त्याच्यापासून सावध राहावे.

आमच्या प्रकरणाचे पुढे काय झाले, हे वाचक विचारतील. २०२३ च्या सुरुवातीला मित्राचा पत्ता लागला. आप्पांच्या वकिलाने नोटीस पाठवली. तो आला, रडला, महिना दोन हजार देईन असे लिहून दिले आणि सात महिने दिलेही. चौदा हजार परत आले. मग पुन्हा बंद. मुदत संपायच्या आत आम्ही दिवाणी दावा लावला आहे. निकाल लागेल तेव्हा लागेल.

काही जण म्हणतात, तुम्ही धम्म सांगता, मैत्री-करुणा सांगता, मग कोर्टात कशाला गेलात? आम्ही म्हणतो, करुणा वेगळी आणि जामीनकी वेगळी. त्याचे वाईट व्हावे असे आम्हाला वाटत नाही. तो आजारी पडला, तर आम्ही दवाखान्यात जाऊ. पण त्याला पुन्हा सही देणार नाही आणि घरातल्या कष्टाचा पैसाही सोडणार नाही. ज्याला खोटे पचते तो दुसऱ्यालाही फसवतो; त्याला अडवणे हेही हिताचेच काम आहे. त्याची बायको आणि मुलगी मात्र यात कुठेच नाहीत. मागच्या जयंतीला ती मुलगी गर्दीत दिसली. आम्हाला पाहून मागे सरकली. सहचारिणीने तिला हाक मारली, हाताला धरून आणले आणि खिरीची वाटी दिली. बापाचे कर्ज लेकराच्या ताटात मांडायचे नसते, हे आम्ही तिच्याकडून शिकलो.

आणि वसतिगृहाच्या त्या मुलाला आम्ही शोधून काढले. तो आता नोकरीला आहे. आम्ही त्याची माफी मागितली. तो संकोचून म्हणाला, "सर, मी विसरलो होतो." तो विसरला नव्हता, हे आम्हाला कळले. दर रविवारी फॉर्म भरून द्यायचे काम आम्ही पुन्हा सुरू केले आहे. तोही कधी कधी येऊन बसतो.

परवा आम्ही भिशीच्या ताईंकडे गेलो आणि हे सगळे त्यांना सांगितले. वही कुणी कुणी पाहिली होती, किती पैसे कुणी दिले, याची यादी करून पोलीस ठाण्यात सगळ्यांनी मिळून अर्ज द्यायचे ठरले. मग आम्ही विचारले, "त्या चार बायका रोज येतात का?"

ताई म्हणाल्या, "तिघी येतात, तोंडाला येईल ते बोलतात, जातात. त्यांचं तरी काय चुकलं? चौथी येते ती मात्र पैशाचं काढत नाही. माझ्याबरोबर भाजी निवडते, अर्धा तास बसते, जाते."

आम्ही विचारले, "तिचेही बारा हजार गेले ना?"

"हो. तिचेही गेले."

एवढे बोलून ताई गप्प झाल्या. मग पदराने तोंड पुसून म्हणाल्या, "म्हणजे ती माझी आहे, असंच म्हणायचं ना भाऊ?"

आम्ही म्हणालो, "ते तुमचं तुम्ही ठरवा ताई. पण अर्ज द्यायला जाताना पहिली हाक तिला मारा."

नमो बुद्धाय. जय भीम.